कलिलातल्या कणांचे पुंजके संगणकावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टचे विषय वाटले की आठवड्याभरात मला हेच प्रश्न येतात. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळी इथे लिहून ठेवतोय. कोड लिहायला बसला असाल तर सुरुवातीचं सोडून थेट खाली जा.

हे नेमकं कशाचं सिम्युलेशन?

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवतात आणि हंडा झाकून ठेवतात. सकाळी वर नितळ पाणी, तळाला साका. तुरटी न फिरवता तोच हंडा नुसता ठेवला तर पाणी पुरतं निवळत नाही. मातीचे सगळ्यांत बारीक कण मायक्रॉनच्या आसपासचे किंवा त्याहून लहान असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना सतत इकडून तिकडून ढकलत राहतात. अशा मिश्रणाला आपल्या शाळेच्या पुस्तकात कलिल म्हटलंय. तुरटी पडल्यावर हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके जड होऊन खाली बसतात. सुटे कण ते पुंजका हा मधला टप्पा संगणकावर उभा करायचा, एवढंच हे काम.

त्यात रस घेण्यासारखं काय, तर पुंजक्याचा आकार. तो लाडवासारखा भरीव नसतो. विरळ, फांद्याफांद्यांचा, आतून पोकळ असतो. कण सोन्याचे असोत की सिलिकाचे, आकार ठरतो तो ते कसे भेटले आणि भेटल्यावर किती घाईनं चिकटले यावर.

कण एरवी का चिकटत नाहीत?

पाण्यातल्या मातीच्या कणांवर बहुधा ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. अगदी जवळ आले तर व्हॅन डर वाल्स आकर्षण त्यांना खेचून घेतं, पण तिथवर पोचण्याआधी प्रतिकर्षणाची टेकडी चढावी लागते. हा हिशोब डेर्यागिन आणि लँडाऊ यांनी १९४१ साली, तर फरवे आणि ओव्हरबीक यांनी १९४८ साली मांडला. चौघांच्या आद्याक्षरांवरून त्याला डीएलव्हीओ म्हणतात. पाण्यात क्षार टाकला की ही टेकडी बुटकी होते. आयनावरचा भार जितका जास्त तितका क्षार कमी पुरतो, आणि तोही थोडाथोडका कमी नाही. जुन्या शुल्झ-हार्डी नियमाच्या आदर्श रूपात लागणारं प्रमाण भाराच्या सहाव्या घातानं घटतं: सोडियम १ धरला तर कॅल्शियम १/६४ आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम १/७२९. (हंड्यातली गंमत एवढ्यावर संपत नाही. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत साकाही तयार होतो आणि खाली जाताना तो कण ओढून नेतो.)

सिम्युलेशनमध्ये आपण हे सगळं बहुतेक वेळा एका आकड्यात गुंडाळतो: दोन कण भिडले तर चिकटण्याची शक्यता किती? टेकडी नसेल तर १. टेकडी असेल तर हजारात एक, लाखात एक.

पुंजका गोल का होत नाही? सगळ्या बाजूंनी सारखेच कण येतात ना?

येतात सारखेच, पोचत मात्र नाहीत. चौकटीच्या वहीवर हातानं करून बघा. मधला एक चौकोन काळा करा. लांबवर एक ठिपका घ्या आणि तो झिंगलेल्या माणसासारखा चालवा: दर पावलाला चारांपैकी एक दिशा, चिठ्ठी टाकून. काळ्या चौकोनाच्या शेजारी आला की तिथेच त्याला काळा करा, मग पुढचा ठिपका. पंधरा-वीस ठिपके होईपर्यंत काही खास दिसत नाही, वेडावाकडा डाग असतो. मग कुठेतरी दोन टोकं जराशी पुढे येतात आणि त्यांच्यामध्ये खाच तयार होते. आता नवा ठिपका त्या खाचेच्या तळाशी जायचा तर त्याला वाटेत दोन्ही भिंतींना न शिवता जावं लागेल. झिंगलेल्याला ते कसं जमणार? तो टोकालाच अडकतो. टोक आणखी पुढे येतं, खाच आणखी खोल होते. अपघातानं पुढे आलेलं टोक पुढेच जात राहतं.

हे हातानं तासभर तरी कराच. नंतर कोडमधल्या प्रत्येक ओळीचा अर्थ आपोआप लागतो.

फ्रॅक्टल मिती म्हणजे काय, एका आकड्यात सांगा.

भरीव गोळ्याची त्रिज्या १० पट केली की त्यात १,००० पट कण मावतात. दहाचा तिसरा घात, म्हणून मिती ३. कलिलाचा झटपट चिकटलेला पुंजका १० पट मोठा झाला की त्यात फक्त ६० पट कण भरतात. दहाचा १.७८ वा घात म्हणजे ६०, म्हणून मिती १.७८.

आता याच्यापुढचं बघा, कारण महत्त्वाचं ते आहे. जागा हजारपट, कण साठपट. म्हणजे पुंजक्याची सरासरी घनता आधीच्या ६ टक्क्यांवर आली. पुंजका जितका मोठा तितका विरळ. शेवटी सगळे पुंजके फुगून एकमेकांना टेकतात आणि भांडंभर एकच जाळं होतं, ज्याला आपण जेल म्हणतो. पाण्यात एक टक्का घन पदार्थ असूनही सगळं थिजू शकतं ते यामुळे.

डीएलए आणि डीएलसीए एकच ना?

नाही, आणि निम्म्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही चूक असते. वहीवर आत्ता केलं ते डीएलए (डिफ्यूजन-लिमिटेड ॲग्रिगेशन): एक बी जागेवर स्थिर आणि त्याला एकेक सुटा कण येऊन चिकटतो. डीएलसीएमध्ये (मधला सी क्लस्टरचा, म्हणजे पुंजक्याचा) बी वगैरे नसतं. सगळेच कण एकाच वेळी हिंडत असतात, दोन भेटले की जोडी होते, जोडीही हिंडते, पुंजके पुंजक्यांना भेटतात. आपल्या हंड्यात दुसरं घडतं.

या गोंधळाचं मूळ इतिहासात आहे. १९७९ साली फॉरेस्ट आणि विटन यांनी धातूच्या धुराचे पुंजके सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि त्यांच्या रचनेत घात-नियम (पॉवर लॉ) दिसतो असं दाखवलं. त्याचं स्पष्टीकरण शोधताना विटन आणि सँडर यांनी १९८१ मध्ये डीएलए मांडलं. कल्पना इतकी सुटसुटीत आणि चित्र इतकं देखणं की जगभरातल्या प्रयोगशाळांनी ती उचलली. पण आकडा जुळेना. डीएलएची मिती सपाट कागदावर १.७१ येते खरी, त्रिमितीय अवकाशात मात्र ती २.५ च्या आसपास जाते, आणि धुराचा पुंजका त्याहून फार विरळ. गाठ सुटली १९८३ मध्ये: अमेरिकेत पॉल मीकिन यांनी, आणि स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये कोल्ब, बोते आणि ज्युलियाँ यांनी पुंजक्यांनाच हिंडू दिलं. मिती आली सपाट कागदावर १.४४ च्या आसपास आणि अवकाशात १.७८.

म्हणजे डीएलए ज्या धुरासाठी जन्माला आलं त्या धुराला ते लागू पडलं नाही. लागू पडलं भलत्याच ठिकाणी. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात विद्युतप्रवाह सोडला की इलेक्ट्रोडवर धातूची पानं फुटतात. जपानमधल्या गटानं १९८४ मध्ये त्यांची मिती मोजली तर १.६६ भरली. तिथे खरोखरच एक स्थिर बी असतं आणि आयन एकेक करून येतात.

पुंजक्याला पुंजका भेटला की रचना आणखी विरळ का होते? दोन्हीकडे फांद्या. एकाची फांदी दुसऱ्याच्या पोटात शिरायच्या आत बाहेरच्याच फांदीला अडते. टोकाला टोक जुळतं आणि मधली पोकळी कायमची पोकळीच राहते.

चिकटण्याची शक्यता कमी केली तर?

मग घाई संपते. शक्यता हजारात एक असेल तर दोन पुंजके भिडतात, सुटतात, जरा सरकून पुन्हा भिडतात. असं शेकडो वेळा होतं. तेवढ्यात एकाची फांदी दुसऱ्याच्या खाचेत चांगली खोल गेलेली असते आणि मग केव्हातरी चिकटते. रचना दाट होते, मिती २.१ च्या घरात जाते. याला आरएलसीए (रिॲक्शन-लिमिटेड क्लस्टर ॲग्रिगेशन) म्हणतात. वाढीचा वेगही वेगळा: डीएलसीएमध्ये पुंजक्याचं सरासरी वजन वेळेच्या प्रमाणात वाढतं, आरएलसीएमध्ये बराच काळ काही होत नाही असं वाटतं आणि मग घातांकी (एक्स्पोनेन्शियल) वेगानं सगळं उरकतं.

कोडमध्ये हा बदल एका ओळीचा आहे. तो केला की प्रोग्राम इतका हळू चालतो की तो अडकलाय असं वाटतं. अडकलेला नसतो, थांबा.

हे खरंच असं होतं हे कोणी पाहिलंय का?

पाहिलंय, आणि सोन्यात पाहिलंय. सोन्याचे नॅनोकण पाण्यात सुटे असले तर द्रव माणकासारखा लाल दिसतो, पुंजके झाले की जांभळा, मग निळा. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली हे लिहून ठेवलंय: मीठ टाकलं की लाल द्रव निळा होतो. त्यांनी केलेले सोन्याचे द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेले आहेत. चिकटायला सुरुवात झाली हे डोळ्यांनीच कळतं, म्हणून सोनं सोयीचं.

१९८४ मध्ये वाइट्झ आणि ऑलिव्हेरिया यांनी साधारण १५ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण घेतले, ते झटपट चिकटवले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि अक्षरशः कण मोजले. मिती १.७५. संगणकानं आदल्याच वर्षी १.७८ सांगितलं होतं. नंतर १९८९ मध्ये सोनं, सिलिका आणि पॉलिस्टायरीन शेजारी शेजारी ठेवून दाखवलं गेलं की रसायन काहीही असो, घाईनं चिकटले तर एक आकडा, रमतगमत चिकटले तर दुसरा.

फोटोबद्दल एक सूचना. फोटो सपाट असतो, पुंजका नसतो. मिती २ पेक्षा कमी असेल तर सावलीतही तीच मिती टिकते, म्हणून १.७५ फोटोवरून मोजता आली. आरएलसीएचा २.१ फोटोवरून निघणार नाही, तिथे प्रकाश किंवा क्ष-किरण विखुरून मोजावं लागतं.

कोड कुठून सुरू करू?

एक घनाकार पेटी घ्या. तिच्या समोरासमोरच्या भिंती जोडलेल्या धरा, म्हणजे उजवीकडून बाहेर पडलेला कण डावीकडून आत येतो. कण एकमेकांवर चढणार नाहीत असे विखरून टाका. आता दर फेरीला एक पुंजका निवडा (सुटा कण हाही एका कणाचा पुंजकाच) आणि त्याला यादृच्छिक दिशेनं पाऊलभर सरकवा. निवड समान नको: मोठा पुंजका पाण्यात हळू सरकतो, त्याचा विसरणाचा (डिफ्यूजनचा) वेग त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून तो त्याच प्रमाणात कमी वेळा निवडला गेला पाहिजे. सरकवताना कोणाला धडकला तर टेकेल तिथपर्यंतच न्या, चिठ्ठी टाका, चिकटला तर दोन्ही पुंजक्यांना एकच क्रमांक द्या. क्रमांक बदलताना नेहमी लहान पुंजक्याचा बदला.

दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पाऊल कणाच्या त्रिज्येपेक्षा मोठं असेल तर कण एकमेकांच्या आरपार उडी मारतात आणि कोणालाच पत्ता लागत नाही. दुसरं म्हणजे शेजारी शोधणं. १०,००० कणांच्या सगळ्या जोड्या म्हणजे जवळपास ५ कोटी. त्या दर फेरीला तपासू नका. पेटीचे लहान कप्पे पाडा, कण कुठल्या कप्प्यात आहे ते नोंदवा आणि शेजारच्या कप्प्यांतच बघा.

पुंजके फिरवायचे, म्हणजे गरागरा, का? पहिल्या आवृत्तीत नको. मितीत फार फरक पडत नाही.

किती कण पुरतील?

हे विचारणाऱ्याला मी आधी आकडेमोड करायला लावतो, आता इथेच करून टाकू. कणाची त्रिज्या १ धरा, कण १०,०००, पेटीच्या घनफळाच्या १ टक्का. पेटीची बाजू निघते सुमारे १६१. मिती १.८ धरली तर पुंजके एकमेकांना टेकतात तेव्हा त्यांची त्रिज्या साधारण ४६ असते, आणि तेवढ्या पुंजक्यात जेमतेम हजारभर कण. म्हणजे जेल होण्याच्या क्षणी तुमच्या पेटीत एकूण पुंजके किती? दहा. दहा पुंजक्यांवरून जेलबद्दल छातीठोक विधान करायचं तर करा, परीक्षक मात्र हसतील.

प्रमाण ०.१ टक्क्यावर आणलं तर तीच त्रिज्या ३१६ पर्यंत जाते आणि तेवढ्या पुंजक्याला लागतात तीसेक हजार कण, तुमच्याकडे आहेत त्याच्या तिप्पट. फक्त मिती मोजायची असेल तर प्रमाण कमी ठेवा, जेल व्हायच्या बऱ्याच आधी थांबा आणि वेगवेगळ्या बियांकांनी (यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्यापासून सुरू होते तो अंक) प्रोग्रामच्या वीस-तीस धावा घ्या. एका मोठ्या धावेपेक्षा ते बरं.

सुपरकॉम्प्युटर लागतो का? भाषा कोणती?

पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म आहे खरा, पण वरच्या कामाला तुमचा लॅपटॉप पुरतो. पायथॉन चालेल, आतलं लूप नंबा या पायथॉनच्या लायब्ररीनं कम्पाइल करून घ्या, नाहीतर रात्री लावलेली धाव दुसऱ्या रात्रीही चालूच असेल. खरी बलं घालून ब्राउनीय गती करायची असेल तर लॅम्प्स (LAMMPS) हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात कलिलांसाठी तयार विभव (पोटेन्शियल) आहे. चित्रांसाठी ओव्हिटो (OVITO) हे सॉफ्टवेअर. मात्र पहिला डीएलसीए स्वतः लिहा. दोनशे ओळींच्या आत होतो.

संगणकातल्या एका पावलाला खऱ्या वेळात किती धरायचं?

१ मायक्रॉन व्यासाचा कण पाण्यात खोलीच्या तापमानाला आपल्या व्यासाएवढं सरकायला साधारण ०.४ सेकंद घेतो. व्यास दहावा हिस्सा केला तर हजारपट कमी वेळ. यावरून पाऊल आणि सेकंद जोडा. पडताळा घ्यायला १९१७ सालचं स्मोलुचोव्स्की यांचं सूत्र आहे: दर घन सेंटीमीटरला १,००० कोटी कण असतील आणि प्रत्येक भेट चिकटत असेल, तर कणांची संख्या निम्मी व्हायला १६-१७ सेकंद लागतात. सुरुवातीच्या काळात तुमचा कोड याच्या जवळपास यायला हवा. दुप्पट-तिप्पट चुकत असेल तर मोठ्या पुंजक्यांची निवड तपासा.

हे फक्त पाण्यात होतं का?

नाही. डिझेलच्या काजळीची मिती १.८ च्या आसपास असते. १९९८ मध्ये स्पेस शटलच्या एसटीएस-९५ मोहिमेत विरळ वायूत सिलिकाची धूळ सोडून ती चिकटताना पाहिली गेली. ग्रहांची पहिली बीजं कशी जमली असतील ते बघायचं होतं. मिती निघाली अवघी १.३, म्हणजे जवळपास दोरेच.

आणि दही?

दुधातले केसीन या प्रथिनाचे कण आम्ल वाढलं की चिकटतात आणि जाळं होतं, इथपर्यंत बरोबर. पण हे जाळं नंतरही आतल्या आत सरकत राहतं, घट्ट होतं, पाणी सोडतं. एकदा चिकटलं की हललं नाही, हे डीएलसीएचं गृहीतक दह्याला चालत नाही. दह्यावर प्रोजेक्ट करा, पण १.७८ शोधू नका.

माझी मिती १.७८ येत नाही. काय चुकलं?

आधी सांगा, कणसंख्या आणि त्रिज्येच्या लॉग-लॉग आलेखात रेषा कुठल्या बिंदूंमधून काढली? वीसपेक्षा कमी कणांचे पुंजके टाकून द्या. तीन कणांना मिती नसते. पेटीच्या चौथाई बाजूपेक्षा मोठे पुंजकेही टाका. उरलेल्यात कणसंख्या किमान दोन दशकं (एक दशक म्हणजे दहापट) पसरलेली हवी, म्हणजे ३० ते ३,००० वगैरे. एवढं करून १.७ ते १.९ च्या मध्ये आलात तर ठीक आहे, आणि रिपोर्टमध्ये तोच आकडा लिहा. पुस्तकातला आकडा येईस्तोवर बिंदू गाळत बसलेले विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांचे आलेख फार सुंदर असतात.

आडव्या अक्षावर कणसंख्या आणि उभ्या अक्षावर त्रिज्या घेतली असेल तर उतार ०.५६ येईल. तो मितीचा व्यस्त आहे, गडबडून जाऊ नका.

आलेखात मुख्य रेषेच्या वर बिंदूंचा वेगळाच ढग दिसतो. तो कशाचा?

यात माझे स्वतःचे आठ दिवस गेलेत. पेटीची बाजू १६१ होती आणि पन्नास कणांचे काही पुंजके ७०-८० त्रिज्या दाखवत होते. मला वाटलं, लांबच लांब दोऱ्यासारखे पुंजके सापडले. मार्गदर्शकांना दाखवायला आलेख रंगीत छापूनही नेला. त्यांनी एकच विचारलं: "यातला एक पुंजका काढून दाखव." काढला तर निम्मे कण उजव्या भिंतीला आणि निम्मे डाव्या.

पुंजका भिंत ओलांडून गेला की त्याचे कण पेटीच्या दोन टोकांना नोंदवले जातात, आणि सरळ सरासरी काढली तर त्याचं केंद्र रिकाम्या मध्यावर येतं. त्रिज्या फुगते ती पेटीच्या निम्म्या बाजूपर्यंत. उपाय असा: पुंजक्यातला एक कण धरा, त्याला चिकटलेल्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर भिंतीपलीकडून मोजून घ्या, शेजाऱ्याची जागा त्यावरून नव्यानं लिहा, मग शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची. सगळा पुंजका असा उलगडून झाला की मगच त्रिज्या काढा. त्यासाठी कोण कोणाला चिकटलं याची यादी धाव चालू असतानाच ठेवावी लागते. मी ठेवली नव्हती, त्यामुळे तीसच्या तीस धावा पुन्हा लावल्या.